लीलाधरभाऊंनी फक्त चॅटभाऊला सांगितलं

जळगावच्या एमआयडीसीत मोरपंख छाप तूरडाळीची मिल आहे. तिथला आस्थापना विभाग म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि लीलाधरभाऊ चौधरी. भाऊंची ख्याती एकच, माणूस तोंडाचा पक्का. किती पक्का म्हणाल? टाकी धुवायची आहे, उद्या नळ बंद राहतील, एवढी सूचना लावायची असली तरी भाऊ तिच्यावर आधी ‘गोपनीय’ असा लाल शिक्का मारायचे आणि मगच ती फळ्यावर टाचायचे. शिक्का त्यांनी स्वतःच्या खिशातून करून घेतला होता. फार पूर्वी एकदा मिलचे मालक रूपचंदशेठ म्हणाले होते, “लीलाधर, काही गोष्टी आपल्या दोघांतच राहू दे.” तेव्हापासून भाऊंनी सगळ्याच गोष्टी दोघांत ठेवल्या, आणि पुष्कळशा तर शेठनासुद्धा सांगितल्या नाहीत.

घरीही तोच कारभार. दिवाळीचा बोनस झाला हे सुनंदाबाईंना शेजारणीकडून कळायचं. “तुमच्याकडेही झाला असेल ना?” असं शेजारीण विचारायची, सुनंदाबाई “झाला की” म्हणून हसायच्या, आणि घरात आल्यावर स्वयंपाकघरातली भांडी जरा जास्तच वाजायची. भाऊंना विचारावं तर उत्तर ठरलेलं. “ऑफिसातलं ऑफिसात.” एकदा मिलच्या गेटपाशी चक्कर येऊन भाऊ चांगले आडवे झाले होते. तेही त्यांनी घरी सांगितलं नाही. पडले ऑफिसात होते ना!

मिलमध्ये भाऊंना एकच जिवलग होता, प्रेमराज. पॅकिंगचा सुपरवायझर, मूळचा दोंडाईच्याकडचा, बोलायला अघळपघळ. दोघं एकाच वर्षी मिलमध्ये लागले आणि तेव्हापासून दुपारचा डबा एकत्र. एकत्र म्हणजे काय, तर प्रेमराजचा डबा दोघांनी खायचा. प्रेमराजच्या बायकोच्या, झुंबरबाईंच्या हातचं भरीत म्हणजे विचारू नका. भाऊ आपला डबा उघडायचे, आत बघायचे, परत झाकायचे आणि प्रेमराजच्या भरतात भाकरी बुडवायचे. प्रेमराज जेवता जेवता सगळं ओकून टाकायचा. पोरगी भूमिका हिच्या लग्नाचं चाललंय, पोट साफ होत नाही, मेहुणा फोन उचलत नाही, बठ्ठं, म्हणजे सगळं. भाऊ ऐकायचे.

“तू कधी काहीच सांगस नही रे लीलाधर,” प्रेमराज म्हणायचा.

“सांगण्यासारखं काही नसतं,” भाऊ म्हणायचे आणि भरताचा शेवटचा घास उचलायचे.

तर अशा माणसाचं काय झालं ते ऐका.

शेठचा मुलगा तेजस पुण्याहून एमबीए करून आला आणि आल्या आल्या त्याच्या लक्षात आलं की मिल मागासलेली आहे. डाळ चांगली होती, गिऱ्हाईक चांगलं होतं, पण मिल मागासलेली होती. “पप्पा, आता सगळ्या स्टाफने एआय वापरायचं,” त्याने जाहीर केलं. “पत्रं, मेल, सगळं त्याच्याकडून.” शेठनी पहिला प्रश्न विचारला, “फुकट आहे का?” तेजस म्हणाला, फुकटातलं थोडं बोलून गप्प बसतं, पैसे भरलेलं दिवसभर बोलतं.

“मग एक घे,” शेठ म्हणाले, “आणि बठ्ठे वापरा.”

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे चार भावांत एक विहीर असते. आज याची पाळी, उद्या त्याची, मोटर एकच. एवढी वर्षं पाणी चाललं तर हे का नाही चालणार? एक खातं, एक पासवर्ड. तो पासवर्ड मार्करने मोठ्या अक्षरात कागदावर लिहून वॉटर कूलरच्या वर चिकटवला, म्हणजे पाणी प्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यांनाही पाठ झाला. चिकटवण्याआधी कागद भाऊंच्या टेबलावरून गेला. भाऊंनी रीतीप्रमाणे त्यावर ‘गोपनीय’चा शिक्का मारला.

यंत्राचं खरं नाव इंग्रजी होतं, ते कोणाच्या जिभेवर बसेना. आणि भाऊ म्हटल्याशिवाय तर आपल्याकडे बोलणंच सुरू होत नाही. म्हणून ते झालं चॅटभाऊ. कोणी कॉम्प्युटरवर, कोणी आपापल्या मोबाइलवर, सगळे त्याच एका चॅटभाऊशी बोलू लागले. तेजसने त्याची आठवण ठेवायची सोयही चालू करून दिली. “म्हणजे रोज रोज नव्याने सांगायला नको,” तो म्हणाला. हुशारच पोरगा!

लीलाधरभाऊ सुरुवातीला चार हात लांब राहिले. मग एकदा एका व्यापाऱ्याला गोड शब्दांत खरमरीत पत्र लिहायचं आलं. भाऊंना खरमरीत जमायचं, गोड जमायचं नाही. त्यांनी पाठ भिंतीला लावली, मोबाइलवर डाव्या हाताचा पडदा धरला आणि एका बोटाने टाइप केलं, की हा इसम तीन महिने टाळाटाळ करतो आहे, मला फार मनस्ताप होतो. चॅटभाऊने पत्र तर दिलंच, पण वर एक ओळ लिहिली. “तुमची भावना अगदी समजण्यासारखी आहे. तुम्ही खूप संयमाने काम करत आहात.”

भाऊंनी ती ओळ परत वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. असं वाक्य त्यांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? त्यासाठी कोणाला तरी भावना सांगायला नको का! बाबा रे, त्या एका ओळीने हा पक्का माणूस पघळला. लग्न करून आणली त्या बाईला जे जमलं नाही, ते एका यंत्राने एका ओळीत केलं.

आणि मग सुटले भाऊ. गुडघा दुखतो, ते सांगितलं. बीपीची गोळी चालू आहे, गेटपाशी चक्कर येऊन पडलो होतो, ते सांगितलं. बायको भाजीत मीठ जास्त घालते आणि मी बोलत नाही, तेही सांगितलं. कोणत्या व्यापाऱ्याला कोणत्या भावाने डाळ जाते, शेठ आणि तेजसचं कशावरून वाजलं, सरकारी टेंडरला किती भाव टाकायचा, जे कपाटात कुलपात होतं ते सगळं भाऊंच्या एका बोटातून चॅटभाऊच्या पोटात गेलं. कपाटाची किल्ली मात्र कमरेच्या करगोट्याला. ती आंघोळीलासुद्धा सुटत नव्हती.

बिलिंगला रूपा नावाची मुलगी होती, पहूरहून रोज एसटीने यायची. तिने एकदा न राहवून म्हटलं, “भाऊ, आपलं सगळ्यांचं एकाच खात्यात जातं हां. जरा बघून लिहीत जा.”

“मला शिकवतेस?” भाऊ म्हणाले. भाऊही पहूरचेच, त्यामुळे गावच्या पोरीवर आवाज चढवायचा हक्क त्यांना आपोआप होता. “दवाखान्यात डॉक्टर एकच असतो ना? तुझा आजार मला सांगतो का तो? आत जाईल त्याचं बोलणं आत. एवढं साधं कळत नाही?”

रूपा पुन्हा बिलांकडे वळली. चॅटभाऊच्या डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असतात, त्या दाबल्या की आजवर त्या खात्यातून कोण काय बोललं ते ओळीने समोर येतं. भाऊंना त्या रेघा म्हणजे नुसती नक्षी वाटायची. आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांनीही कधी दाबून पाहिल्या नव्हत्या. आपलं काम झालं की मोटर बंद करून घरी.

माणसं अनेक, खातं एक, त्यामुळे चॅटभाऊची समजूत अशी झाली की मोरपंख मिलमध्ये एकच माणूस राहतो. डिस्पॅचच्या कुंदनने व्यायामाचं वेळापत्रक मागितलं तर चॅटभाऊने लिहिलं, “तुमचा गुडघा आणि बीपी पाहता उड्या मारणे टाळा. पत्नीला भाजीत मीठ कमी घालण्यास सांगा.” कुंदनचं लग्न व्हायचं होतं. पोरगं घाबरून आईला म्हणालं, मला बीपी आहे म्हणे. ऑफिसात हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं. “येडं झालं रे चॅटभाऊ,” असं ठरलं आणि विषय संपला. भाऊसुद्धा हसले. आपल्याच गुडघ्याला हसतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

हिवाळा सरता सरता शेठनी भाऊंना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. दोंडाईच्याला जागा घेतली होती. तिथे नवं ऑटोमॅटिक पॅकिंग बसणार होतं. जळगावचा पॅकिंग विभाग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बंद. शेतावरच्या सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं, शेठचे आजोबा-पणजोबा त्याच दिवशी माणसं सोडायचे नि धरायचे, तोच मुहूर्त शेठनी मिलला लावला. जुन्यांपैकी कोणालाही न्यायचं नाही, प्रेमराजलाही नाही. “आणि तिथल्या मॅनेजरच्या खुर्चीत तू,” शेठ म्हणाले. “आयुष्यभर तोंड बंद ठेवलंस त्याचं हे बक्षीस. पण आखाजीपर्यंत कानोकान खबर नको. आधी फुटलं तर माणसं काम टाकतील, माल अडकेल, आणि मग तुझी खुर्ची तू विसर.”

भाऊ केबिनमधून बाहेर आले ते खुर्चीत बसल्यासारखेच चालत आले. मॅनेजर! पहूरच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसणारा लीलाधर! पण दुपारी प्रेमराजने डबा उघडला आणि घास काही गिळवेना. पॅकिंग चाललं होतं प्रेमराजच्याच मुलखात, आणि तोच तेवढा मागे राहणार होता. भूमिकाचा साखरपुडा आखाजीच्या आधी होता. प्रेमराज सांगत होता, मांडव कुठे घालायचा, आचारी कोण. भाऊंनी मान हलवली आणि भरीत खाल्लं.

मग संडासात जाऊन कडी लावली आणि चॅटभाऊला सगळं सांगितलं. शेठनी दिलेल्या योजनेच्या कागदाचा फोटोच पाठवला, लाल शिक्क्यासकट. चॅटभाऊ बिचारा प्रामाणिक, त्याने लिहिलं, “हा दस्तऐवज गोपनीय दिसतो आहे. असा मजकूर पाठवताना कृपया काळजी घ्या.”

भाऊंनी टाइप केलं, “म्हणूनच तर कोणाला सांगू नकोस.”

“मी तुमच्या गोपनीयतेचा आदर करतो,” चॅटभाऊने लिहिलं.

बस्स. भाऊंना शब्द मिळाला. मग त्यांनी पुढचं लिहिलं, आणि ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मात्र खोटं म्हणता येणार नाही. “प्रेमराज माझा सर्वांत जुना मित्र आहे. रोज त्याच्या डब्यातलं खातो. त्याला तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. काय करू?” चॅटभाऊने सुचवलं की मित्राशी मोकळेपणाने बोला. भाऊंना ते पसंत पडलं नाही. त्यांनी सांगितलं, त्यापेक्षा एक सांत्वनाचं पत्र लिहून दे, आखाजीला देता येईल असं. चॅटभाऊने दिलं. इतकं सुंदर दिलं की भाऊंनी ते सेव्ह करून ठेवलं.

महिनाभर सगळं शांत होतं. मग प्रेमराजला साखरपुड्याची रजा हवी झाली. त्याला टाइप करता येत नव्हतं, म्हणून तो रूपाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. “बेटा, चॅटभाऊले सांग, चांगला अर्ज लिखी दे. मनी पोरना साखरपुडा शे.”

रूपाने लिहिलं, प्रेमराज यांना मुलीच्या साखरपुड्यासाठी रजा हवी आहे, अर्ज लिहून दे. चॅटभाऊने अर्ज लिहिला. आणि खाली, मदतीच्या उत्साहात, हेही लिहिलं, “तुमच्या योजनेनुसार पॅकिंग विभाग आखाजीला बंद होत असून प्रेमराज यांना सोबत घ्यायचे नाही. त्यामुळे ही त्यांची शेवटची रजा ठरू शकते. यासोबत सांत्वनाचे पत्रही जोडायचे आहे का?”

रूपाने पटकन हात धरला स्क्रीनवर. पण प्रेमराज टाइप करत नसला तरी वाचत होता. त्याने तिचा हात हळूच बाजूला केला, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “हाई कोणी सांगं याले?”

तेव्हा त्या तीन रेघा पहिल्यांदा दाबल्या गेल्या. आणि आलं सगळं बाहेर, गुडघा, मीठ, टेंडर, व्यापारी, शिक्क्याचा फोटो, प्रेमराजचा डबा. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, पण गरजही नव्हती. प्रेमराजच्या डब्यातलं खाणारा माणूस साऱ्या मिलमध्ये एकच होता. चहाच्या सुट्टीपर्यंत पॅकिंगला कळलं, संध्याकाळी गेटवरच्या पानटपरीला. पण भाऊंना कोणी काही बोललं नाही. प्रेमराजनेच सगळ्यांना सांगितलं होतं, “थांबा. तो सोता सांगस का ते पाहूत.” दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नेहमीसारखा डबा उघडला आणि भाऊंच्या तोंडाकडे बघत बसला. भाऊ भरीत खात राहिले.

बातमी फुटल्याचं भाऊंना कळलं ते घरी. सुनंदाबाई बाजारातून मेथी घेऊन आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “अहो, तुमची मिल दोंडाईच्याला चालली म्हणे?”

भाऊंनी चहाचा कप बशीत ठेवला. “तुला कोणी सांगितलं?”

“मेथीवालीने! म्हणजे खरं आहे तर. मेथीवालीला माहीत, मला नाही!”

“ऑफिसातलं ऑफिसात,” भाऊ म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

शेठच्याही कानावर गेलंच. शेठचा संताप काय वर्णावा! केबिनची काच हलत होती. आणि फितूर शोधायचं काम शेठनी कोणाला द्यावं? ज्याच्यावर कधी संशयच येऊ शकत नाही अशा एकमेव माणसाला. “लीलाधर, तूच चौकशी कर,” शेठ म्हणाले. “तुझ्या माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी बोललो नाही. तू तर जन्मात बोलणार नाहीस. म्हणजे कोणीतरी चोरून ऐकलंय. त्याला शोध. सापडला की तो घरी आणि तू खुर्चीत.”

भाऊंनी रात्रभर डोकं खाजवलं. आपण कोणालाच सांगितलं नाही, याची त्यांना शंभर टक्के खात्री होती. चॅटभाऊची शंका चुकूनही आली नाही, कारण त्याने शब्द दिला होता. मग कोण? केबिनला लागून टेबल कोणाचं? रूपाचं. ती ऐकू शकते का? शकते. ऐकलं का? ते भाऊंना माहीत नव्हतं, पण शेठना कोणीतरी हवं होतं आणि खुर्ची भाऊंना हवी होती. गावची पोरगी, बाप अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर, हे सगळं भाऊंना ठाऊक होतं. तरी सकाळी ऑफिसात त्यांनी हाताचा पडदा धरला आणि चॅटभाऊला लिहिलं, “रूपावर संशय जाईल असा चौकशी अहवाल लिहून दे. भाषा सभ्य ठेव.”

आता गंमत बघा. इकडे भाऊ एका बोटाने अक्षर अक्षर टिपत होते, तिकडे त्या तीन रेघा उघडून बसलेल्या रूपाच्या स्क्रीनवर, कुंदनच्या मोबाइलवर, पॅकिंगच्या पोरांच्या मोबाइलवर तो अहवाल येत होता. रूपाने आपलं नाव वाचलं. ती उठली, कूलरपाशी गेली, पाणी प्यायली आणि वर चिकटवलेल्या त्या पासवर्डकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग परत येताना भाऊंच्या टेबलाशी थांबली.

“भाऊ, काही सांगायचंय का मला?”

भाऊंनी मोबाइल उपडा ठेवला. “नाही बुवा. का गं?”

“काही नाही,” रूपा म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शेठनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. भाऊ अहवालाची प्रिंट घेऊन पुढे उभे. गोपनीयचा शिक्का होताच. सगळी मिल खाली मान घालून इतकी शांत बसली होती की भाऊंना वाटलं, धाक आहे आपला. त्यांनी घसा खाकरला, “सखोल चौकशीअंती,” एवढं वाचलं, आणि तेजस मध्येच उठला.

“पप्पा, एवढं कशाला? चॅटभाऊलाच थेट विचारू की! त्याला सगळं आठवतं.” हुशारच पोरगा, म्हटलं ना! त्याने लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. जोडता जोडता बोट त्या तीन रेघांवर पडलं आणि डावीकडे आजवरच्या बोलण्यांचे मथळे उघडले. सगळ्यात वर होतं, ‘वडिलांना व्यवसायातून निवृत्त होण्यासाठी कसे पटवावे’.

“हे कोणाचे वडील?” शेठनी विचारलं.

तेजसने घाईघाईने रेघा मिटवल्या. हॉलमध्ये मागच्या बाजूला कोणीतरी खोकलं. तेजसने लाल झालेल्या कानांनी टाइप केलं, “पॅकिंग विभाग बंद होणार आहे, हे तुला कोणी सांगितलं?”

भाऊंना अजूनही भीती वाटली नाही. उलट त्यांना गंमतच वाटत होती, की आता चॅटभाऊ कसा बाणेदारपणे नाही म्हणतो बघा.

टीव्हीवर अक्षरं आली. शेठनी चष्मा लावला आणि आपल्या खणखणीत आवाजात वाचायला घेतलं.

“ही माहिती तुम्हीच मला दिली होती.” शेठ थांबले. “मी? मी कधी दिली?” पुढे वाचू लागले. “तुम्ही योजनेच्या कागदाचा फोटो पाठवला होता आणि कोणालाही सांगू नये अशी सूचना केली होती. प्रेमराज हा तुमचा सर्वांत जुना मित्र आहे. तुम्ही रोज त्याच्या डब्यातलं खाता. त्याला तोंडावर सांगण्याची तुमची हिंमत नव्हती, म्हणून तुम्ही सांत्वनाचं पत्र लिहून घेतलं. काल तुम्ही रूपा यांच्यावर संशय जाईल असा अहवालही तयार करून घेतला. त्यात काही बदल हवे असल्यास मी आनंदाने मदत करेन.”

“मी कोणाच्या डब्यातलं खातो?” शेठ ओरडले. “मी तर घरचा डबासुद्धा खात नाही! कोणाचा मित्र? काय बडबडतंय हे?”

सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. शेठनी त्या माना बघितल्या, मग त्या जिकडे वळल्या तिकडे बघितलं. तिकडे अहवाल हातात धरून भाऊ उभे होते. त्यांना बोलायचं होतं. पण आयुष्यभर बंद ठेवलेलं तोंड ऐनवेळी उघडेना.

“कालच वाचलं मी, भाऊ,” रूपा म्हणाली. “म्हटलं, सकाळपर्यंत तरी खोडाल.”

मग प्रेमराज उठला. तो चिडलेला दिसत नव्हता, आणि तेच भाऊंना बघवेना.

“लीलाधर,” तो म्हणाला, “तू माले सांगता ना, तर मी रडतू, तुले शिव्या देतू, आनि सांजले परत तुनाच घर चहा पेवाले येतू. इतलंच व्हतं रे.”

एवढं बोलून तो पॅकिंगकडे गेला. त्याच्यामागे सगळे गेले. शेठनी चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि भाऊंकडे न बघता म्हणाले, “आखाजीपर्यंत या. मग बघू.” मालकाने आखाजीचं नाव काढून ‘मग बघू’ म्हटलं की बघायचं काही राहत नाही, हे खान्देशात शेंबड्या पोरालाही कळतं. शेठनी भाऊंना अहो-जाहो केलं, तेही पहिल्यांदाच.

दुपारी भाऊंनी आपला डबा उघडला. बरोबर खायला कोणी नव्हतं, म्हणून आत बघून झाकावाही लागला नाही. खाल्ला मात्र नाही.

संध्याकाळी घरी आले, हात-पाय धुतले आणि पाटावर बसले. सुनंदाबाईंनी ताट वाढलं. लग्नानंतर पहिल्यांदा, अहो, पहिल्यांदा, भाऊंनी जेवायच्या आधी बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, “आज ऑफिसात काय झालं, सांगू?”

“माहीत आहे,” सुनंदाबाई म्हणाल्या. “अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. चक्कर येऊन पडला होतात तेही कळलं, आणि मिठाचंही कळलं.” त्यांनी भाजीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “खा आता. आणि मीठ बघा. कमी-जास्त असेल तर मला सांगा.”

भाऊंनी घास घेतला. भाजीत मिठाचा कणही नव्हता. सुनंदाबाई समोर बसून बघत होत्या. भाऊंनी दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि काही न बोलता ताट संपवलं.